ओल्या पॉलिशवरचं पाऊल

१

मामांनी डबी उघडली आणि त्यांचं तोंडही उघडंच राहिलं. आत डिस्क नव्हती.

"चहाला जायच्या आधी माझ्या हातांनी ठेवली होती हो," ते म्हणाले.

मामा म्हणजे पुरस्कार समितीच्या छोट्या थिएटरात सिनेमे लावणारे गृहस्थ. डिस्क तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरतात. त्यांच्या हातून वस्तू हरवत नाही. आणि हरवली होती ती काही साधीसुधी वस्तू नव्हती. तिच्यावर 'आई धावतेय' हा सिनेमा होता. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ही दोन्ही मोठी बक्षिसं द्यायची का, ते आम्हाला जेवणाच्या आत ठरवायचं होतं. संध्याकाळी समारंभ होता.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

का पाहिलं, तेही सांगते. मी पेपरात सिनेमांवर लिहिते. वाचक मला मिरची म्हणतात. निर्माते काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. चहाच्या आधी मीच टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, "या सिनेमाला ही बक्षिसं द्यावीत असं मला वाटत नाही. मला शेवटची शर्यत पुन्हा बघायची आहे."

"माझ्याकडे काय बघता? मी नाही घेतली," मी म्हटलं.

"कुणी काही म्हटलंय का?" समितीचे चिटणीस रुमालाने मान पुसत म्हणाले.

"तोंडाने नाही म्हटलंत, डोळ्यांनी म्हटलंत."

आमचे अध्यक्ष, म्हणजे एकेकाळचे मोठे दिग्दर्शक, खुर्चीत रेलले. "बाई, चिडू नका. पण तुमचा या सिनेमावर राग आहे हे शिपायालाही माहीत आहे. डिस्क मुकाट्याने परत करा, आम्ही विसरून जाऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर लोकांच्या सिनेमांना नावं ठेवली, पण तोंडावर ठेवली. चोरून काही केलं नाही.

"जेवणाच्या आत चोर शोधून देते," मी म्हटलं. "नाही दिला तर उद्यापासून लिहिणं बंद."

चिटणिसांचा चेहरा एवढा खुलला, की मी हे बोलून बसले याचा मला तिथल्या तिथे पस्तावा झाला.

२

आधी सिनेमाबद्दल सांगते, म्हणजे राग कशाचा होता ते कळेल.

एक बाई. तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीत पळायची. लग्न झालं, मूल झालं, पळणं सुटलं. चाळिशीत ती पुन्हा मैदानावर येते. लोक हसतात, नवरा हसतो, सासू तर पोट धरून हसते. मग ती सराव करते, पाऊण सिनेमाभर भाषणं ऐकते, आणि शेवटच्या शर्यतीत शेवटच्या अडथळ्यावर तिचा गुडघा आपटतो. ती कोलमडते, पण पडत नाही. लंगडत लंगडत पहिली येते. संपलं. मध्ये इतकी व्हायोलिनं वाजतात की कान किटतात.

आणि जाहिरात काय, तर 'एकही डमी नाही! प्रत्येक पाऊल तिचंच!' नायिका वर्षभर मैदानावर घाम गाळत होती म्हणे. आमच्या पहिल्या फेरीत तिला भरभरून गुण मिळाले ते याच जोरावर. "स्वतः पळाली आहे हो पोरगी," असं अध्यक्ष दर दोन वाक्यांनी म्हणायचे.

आता एक गोष्ट मी त्या खोलीत कुणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या शर्यतीला मी रडले होते. आमच्या घरी सिनेमाला रडायचं खातं नवऱ्याकडे आहे. दोन तास कंटाळून जांभया दिल्या आणि शेवटी डोळ्यांतून घळाघळा पाणी! असं कसं झालं? एवढ्या खोट्या सिनेमात ते एवढंच खरं कसं वाटलं? ते मला पुन्हा बघून ताडायचं होतं.

समितीचा नियम असा, की निकालाआधी कुणीही परीक्षक सिनेमा पुन्हा मागू शकतो. पण काही कारणाने तो दाखवता आला नाही, तर पहिल्या फेरीचे गुण कायम. आणि समितीकडे प्रत ही एकच. म्हणजे डिस्क नाही मिळाली तर 'आई धावतेय' जिंकलाच.

"मग आता अडलंय कुठे?" अध्यक्ष म्हणाले. "बक्षीस देऊन टाकू. शिवाय मैदानाचं विसरू नका."

मैदानाचं सगळ्यांनाच माहीत होतं. गावाबाहेरच्या खेळाच्या मैदानावर पोरी सराव करायच्या. तिथे आता डांबर टाकून गाड्या उभ्या करायचं ठरलं होतं. खणायचं यंत्र फाटकाशी येऊन उभंही होतं. सिनेमाच्या निर्मात्याने शब्द दिला होता, की बक्षीस मिळालं तर मंचावरून मैदान दत्तक घेतल्याचं जाहीर करीन आणि काम थांबवीन.

अध्यक्षांनी हे म्हटलं तेव्हा आमची चौथी परीक्षक खाली मान घालून बसली होती. त्या पोरींना शिकवणारी ती हीच. स्वतः एकेकाळची धावपटू. खेळाचा सिनेमा आहे म्हणून समितीने तिला बोलावलं होतं. आम्ही तिला कोचताई म्हणायचो. मितभाषी बाई. सहा-सात महिन्यांपूर्वी मैदानाच्या पायऱ्यांवरून घसरली, तेव्हापासून उजव्या गुडघ्याला जाड पट्टा होता.

"मैदान वाचायलाच हवं," मी म्हटलं. "पण म्हणून चोरी पचवायची का?"

तेवढ्यात बाहेरून पॉलिशवाला बोंबलला, "माझ्या ओल्या पॉलिशवर पाय कुणी दिला?"

३

आमचं थिएटर लांब बोळाच्या एका टोकाला, चहाची खोली दुसऱ्या टोकाला. बोळाची जमीन लाकडी. आम्ही चहाला गेल्यावर पॉलिशवाल्याने मधला पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चोपडला आणि दुसरा डबा आणायला गेला. पट्टा पलंगापेक्षा लांब. त्यामुळे चहानंतर आम्हाला मागच्या जिन्याने उतरून, अंगणातून वळसा घालून, पुढच्या दाराने थिएटरात यावं लागलं होतं. जिना उतरताना कोचताई कठड्याला धरून, एकेक पायरी करत उतरली. सकाळी चढताना हीच मला मागे टाकून गेली होती.

पुढच्या दारावर दारवान होता आणि चहाच्या वेळी मामाही त्याच्याशीच गप्पा मारत बसले होते.

"आम्ही परत येईपर्यंत दारातून कुणी आत गेलं?" मी विचारलं.

"मुंगीसुद्धा नाही," दारवान म्हणाला. मामांनी मान डोलावली.

म्हणजे चोर बोळातून गेला. पॉलिश ओलं असताना. पण पट्टा आरशासारखा स्वच्छ! फक्त चहाच्या खोलीकडच्या कडेला बुटाचा एकच ठसा, आणि तोही अर्धा. बोटांकडचा. टाचेचा पत्ता नाही. बोटं चहाच्या खोलीकडे.

"उडी मारली!" चिटणीस म्हणाले. "चोराने उडी मारली!"

"दोन मारल्या," मी म्हटलं. "एक जाताना, एक येताना. जाताना साफ पलीकडे पडला. येताना इतकुसा कमी पडला."

त्याच वेळी सगळ्यांच्या नजरा माझ्यावरून हळूहळू सरकायला लागल्या. माझ्या देहाची बाई तिथून उडाली असती तर इमारतीला तडे गेले असते. अध्यक्षांचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरतं. चिटणिसांना दम्याचा त्रास.

ठशातली नक्षी स्पोर्ट्स शूजची होती. तसले बूट आमच्यात दोघांच्याच पायांत होते. एक कोचताई, आणि तिचा गुडघा बांधलेला. दुसरा आमचा तिसरा परीक्षक, लांब टांगांचा संकलक.

"मावशी," तो माझ्याकडे बघून केविलवाणं हसला, "माझ्याकडे असं बघू नका ना."

४

मी त्याला बाजूला घेतलं.

"चहाच्या वेळी कुठे होतास?"

"गॅलरीत. सिगारेट ओढत."

"कुणी पाहिलं?"

"सिगारेट लपून ओढतात, मावशी. बायकोला वचन दिलंय."

"या निर्मात्याच्या पुढच्या सिनेमाचं काम तुला मिळणार आहे म्हणे."

त्याचे कान लाल झाले. "बोलणी चालू आहेत. पण मी उडी? मी दिवसभर खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या उड्या कापतो. शाळेत लंगडीतसुद्धा पहिला बाद व्हायचो."

बाकीच्यांनाही विचारलं. अध्यक्ष फोनवर नातवाशी बोलत होते. चिटणीस साखर संपली म्हणून कपाटं उघडत होते. कोचताई हात धुवायला गेली होती. मी एकटीच खिडकीत उभी होते. म्हणजे वेळ सगळ्यांनाच मिळाला होता. बुटांचे तळ पाहिले, पण अंगणातून वळसा घालताना सगळ्यांच्याच बुटांना माती लागली होती. पिशव्या तपासल्या, कपाटं तपासली. डिस्क नाही.

"उघड आहे," अध्यक्ष म्हणाले. "पाय लांब, बूट तसले, वर कामाची लालूच. अरे, लाज नाही वाटत?"

संकलक रडकुंडीला आला. चिटणीस तर पोलिसांना फोन लावायलाच निघाले. मलाही वाटलं, सगळं जुळतंय.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. टाच कुठे गेली? माणूस लांब उडी मारतो तेव्हा टाचांवर आदळतो, नाहीतर दोन्ही पायांवर. हा एकाच पायावर, पुढच्या चवड्यावर उतरला होता, जसं काही त्याला तसंच पुढे पळत जायचं होतं.

आणि मला सिनेमातलं ते भाषण आठवलं. ज्याला मी सगळ्यात मोठी जांभई दिली होती, तेच. सिनेमातला प्रशिक्षक नायिकेवर खेकसतो, "अडथळा उडी मारून ओलांडायचा नसतो, पळत ओलांडायचा! चवड्यावर उतर! टाच टेकली की शर्यत गेली! आणि पाय बदलू नकोस! ज्याचा जो पाय पुढे, तो जन्मभर पुढे!"

"फोन ठेवा खाली," मी चिटणिसांना म्हटलं. "आणि सगळे बोळात चला."

५

बोळाच्या दोन्ही भिंतींवर सिनेमाची पोस्टरं होती. डावीकडे सरावाचं दृश्य. नायिका अडथळ्यावरून जाते आहे, चेहरा स्वच्छ दिसतोय. उजवीकडे शेवटची शर्यत. केस तोंडावर आलेले, चेहरा दिसत नाही.

"पुढे कुठला पाय आहे?" मी विचारलं.

"इथे उजवा," संकलक म्हणाला. मग दुसऱ्या भिंतीकडे वळला आणि थबकला. "इथे डावा."

"फोटो उलटा छापला असेल," अध्यक्ष म्हणाले.

"मग छातीवरचा आकडाही उलटा दिसला असता, दादा. सरळ वाचता येतोय की!"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा सरळच होता.

"म्हणजे डमी होती," संकलक हळूच म्हणाला. "शेवटची शर्यत दुसरीच कुणीतरी पळाली."

"होय. आणि सिनेमा पुन्हा लागला असता तर मला ते दिसलं असतं. आता तुम्हीच सांगा, डिस्क पळवून माझा काय फायदा? ज्याला सिनेमा पाडायचा आहे त्याला तो दाखवायला हवा होता. तो लागू नये असं वाटणारा माणूस एकच, ज्याचं या सिनेमाला बक्षीस मिळण्यावर काहीतरी अडलेलं होतं."

मी खाली वाकून ठसा दाखवला. "अंगठा उजव्या अंगाला आहे, म्हणजे पाऊल डावं. चवडा टेकलाय, टाच नाही. शेवटच्या शर्यतीत जी पळाली तिचाही डावा पाय पुढे. जाताना तिने हा पट्टा सहज पार केला. परत येताना कमी पडली, कारण मधेच काहीतरी दुखावलं. जे आधीच दुखावलेलं होतं तेच. शेवटच्या अडथळ्यावर कुठला गुडघा आपटतो आठवतंय? मागे राहिलेला. उजवा."

इतका वेळ जिंकल्याच्या तोऱ्यात होते, आणि आता समोर बघवत नव्हतं.

"पुरे, बाई," कोचताई म्हणाली. तिने खुर्ची ओढली, बसली आणि गुडघ्यावरचा पट्टा सोडायला लागली. आतून डिस्क निघाली. गुडघा टम्म सुजला होता.

मामांनी पुढे होऊन डिस्क दोन्ही हातांत घेतली.

"पायऱ्यांवरून नाही पडले," ती म्हणाली. "शूटिंगमध्ये आपटला. ते ठरलेलं नव्हतं. मला थांबताच आलं नाही, पळतच गेले. दिग्दर्शक म्हणाला, सोनं मिळालं, हेच ठेवू. निर्माते म्हणाले, तोंड बंद ठेवलंत तर मैदान वाचवू. मग समितीचं बोलावणं आलं. नको म्हटलं असतं तर का नको ते सांगावं लागलं असतं."

"आणि संशय माझ्यावर जाऊ दिलात," मी म्हटलं.

"तुम्हाला कुणी कितीही बोललं तरी तुम्ही ऐकून घेणाऱ्यातल्या नाही, म्हणून." तिने मान वर केली. "तरी चुकलंच. माफ करा."

माझा राग कुठे पळाला कोण जाणे. शेवटच्या शर्यतीला मला कुणी रडवलं होतं ते आता कळलं होतं, आणि ती बाई समोर सुजलेला गुडघा घेऊन बसली होती.

६

अध्यक्षांनी दार लावून घेतलं. "हे बघा, चोर सापडला, बाईंचं नाव साफ झालं. आता सगळं इथेच विसरू. सिनेमाला बक्षीस देऊ, मैदान वाचेल, पोरी पळतील. कुणाचं काय बिघडलं?"

मी खरं बोलले तर यंत्र उद्या मैदान खणणार होतं. माझ्या खरेपणाची किंमत त्या पोरींनी का द्यायची?

"मी सही करणार नाही," मी शेवटी कोचताईला म्हटलं. "खोट्याला माझी सही मिळत नाही. पण मैदान तुमचं आहे, म्हणून तुमच्या तोंडून ऐकायचं आहे."

तिने पट्टा पुन्हा गुडघ्याभोवती आवळला.

"गेल्या आठवड्यात माझी एक पोर अडथळ्याला वळसा घालून पळाली," ती म्हणाली. "पहिली आली. मी तिला बाद केलं. इतकी रडली, जेवली नाही म्हणे. हे मैदान वळसा घालून मिळवलं, तर त्या पोरीला मी तोंड कसं दाखवू? लावा सिनेमा. मी परीक्षक म्हणून बाहेर पडते. पण ती शर्यत मी पळाले आहे. गुडघा माझा फुटला आहे. ते आता मी कुणालाही गिळू देणार नाही."

मामांनी शेवटची शर्यत लावली. या वेळी व्हायोलिनं ऐकूच आली नाहीत. डावा पाय, डावा पाय, पुन्हा डावा, मग तो अडथळा, तो धक्का, आणि तरी पळणारी ती. मी परत रडले. संकलक बघत होता, तर बघू दे म्हटलं.

चित्रपटाचं बक्षीस नाही. अभिनेत्रीचंही नाही. परीक्षकांचं एक खास बक्षीस असतं, बरीच वर्षं कुणाला दिलेलं नव्हतं. ते शेवटच्या शर्यतीला द्यायचं, असं मी म्हटलं. अध्यक्ष नाही म्हणाले, संकलक आणि मी हो म्हणालो. दोनास एक.

"तुझं काम जाईल रे," मी संकलकाला म्हटलं.

"जाऊ दे, मावशी. सकाळपासून चोर होतो, आता निदान माणूस तरी होतो."

"मी डिस्क चोरली आहे," कोचताई म्हणाली. "मला कसलं बक्षीस देता?"

"चोरीबद्दल पुन्हा कधी या समितीत पाय ठेवायचा नाही, ही शिक्षा," मी म्हटलं. " बक्षीस तुम्हाला नाहीच, शर्यतीला आहे. ती बिचारी कुठे काय चोरते?"

संध्याकाळी मंचावर सगळं सांगितलं गेलं. निर्माता ताडकन उठून निघून गेला. सभागृहात सगळ्यात आधी उभी राहून टाळ्या कुणी वाजवल्या असतील, तर त्या नायिकेने. तो अभिनय होता की खरं, मला ओळखता आलं नाही, आणि मला पगार तेच ओळखायचा मिळतो.

कोचताई माइकसमोर लंगडत आली. "मैदान आता कुणी दत्तक घेणार नाही," ती म्हणाली. "पण ते अजून गेलेलंही नाही. उद्या सकाळी तिथे खणायला येणार आहेत. मीही येणार आहे. ज्याला यायचं त्याने यावं."

सकाळी मी गेले. नवऱ्यालाही ओढून नेलं. फाटकाबाहेर यंत्र घरघरत होतं आणि त्याच्यासमोर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, रांगेवर रांग अडथळे मांडलेले. मागे पोरी, पोरींच्या आया, मामा, संकलक, आणि रात्रीचं भाषण ऐकून आलेलं अर्धं सभागृह. अध्यक्ष आले नव्हते, पण त्यांनी गाडी पाठवली होती आणि ड्रायव्हरने ती बरोब्बर फाटकात आडवी लावून किल्ली खिशात टाकली होती.

कोचताई आत धावपट्टीवर होती. गुडघा बांधून, काठी टेकत, पोरींना ओळीत उभं करत होती.

खणायच्या कामावरचा सरकारी साहेब गाडीतून उतरला. हातात कागद, कपाळावर आठ्या. "सरकारी कामात हा अडथळा कुणी आणला? कुणाचं काम आहे हे?"

पोरींनी आत कोचताईकडे पाहिलं. साहेबाची मानही तिकडे वळायला लागली.

मी पुढे झाले. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, कालच्यासारखंच.

"माझं," मी म्हटलं. "मी मांडलेत. लिहून घ्या."

मागे कोचताईची शिट्टी वाजली आणि पोरी पळायला लागल्या.